छ्यू युआनचं म्हणणं ऐकून तरी घ्या: फिल्म सोसायटीच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या सोसायटीची १९ वर्षांची सभासद आहे. एवढ्या वर्षांत कार्यकारिणीला पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली नव्हती. आपण ऐनवेळी बदललेल्या चित्रपटाबद्दल पहिलं पत्र तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं. त्याला उत्तर नाही, म्हणून हे दुसरं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

त्या गुरुवारी रात्री साडेनऊला सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपला निरोप आला: अपरिहार्य कारणास्तव रविवारचा चित्रपट बदलला आहे, नोंद घ्यावी. रविवारचा चित्रपट म्हणजे छ्यू युआन या प्राचीन चिनी कवी आणि मंत्र्यावरचा, १९७०च्या दशकात हाँगकाँगमध्ये तयार झालेला. पाओ फांग यांनी तो दिग्दर्शित केला आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. त्याची मराठी सबटायटल्स मी अडीच महिने बसून केली होती. तारीख आपणच ठरवली होती, परवानगीही आपणच मिळवली होती.

मी फोन केला. एका सभासदानं लेखी आक्षेप घेतलाय, असं सांगण्यात आलं. हा चिनी प्रचारपट आहे आणि सध्याच्या वातावरणात तो नको, असं त्यात म्हटलंय म्हणे. आक्षेपाचं पत्र दाखवा म्हटलं, तर ते गोपनीय आहे. कार्यकारिणीतल्या कुणी चित्रपट पाहिला का, असं विचारलं, तर उत्तर मिळालं नाही. ते मला ठाऊकच होतं. सबटायटल्स घातलेली प्रत माझ्याकडच्या पेन ड्राइव्हमध्ये होती आणि ती अजून कुणी मागितलेली नाही.

माझा यात जीव का गुंतलाय, ते आधी सांगते. मी २२ वर्षं चिनी भाषा शिकवते. १९९८ साली वुहानला शिकायला होते. त्याच उन्हाळ्यात यांगत्सेला मोठा पूर आला, पण मी सांगते आहे ती गोष्ट पुराच्या आधीची, पाचव्या चांद्र महिन्यातल्या पंचमीची. आपल्या पंचांगात ही तिथी बहुतेक वेळा ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आसपास येते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशी आदल्या दिवशी दुपारी पाटावर बसून त्सोंगत्स बांधत होत्या. लांबट हिरव्या पानाचा द्रोण वळायचा, त्यात भिजवलेला चिकट तांदूळ आणि एक लाल खजुरासारखं फळ घालायचं, काडीनं टोचून तांदूळ खाली बसवायचा, मग पान दुमडून दोऱ्याचं टोक दातात धरून करकचून बांधायचं. उकडताना जो वास सुटला, त्यानं मला आजोळच्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या. हे कुणासाठी, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्या छ्यू युआनसाठी. तो नदीत बुडाला, माशांनी त्याला खाऊ नये म्हणून लोकांनी पाण्यात भात टाकला. "आमच्या" हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू तो त्यांच्याच गल्लीतला होता आणि गेल्याच वर्षी गेला. त्याला जाऊन तेव्हा २२७५ वर्षं झाली होती.

हा माणूस कोण होता, हे निर्णय घेण्यापूर्वी आपण समजून घ्यायला हवं होतं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात आजच्या चीनमध्ये सात मोठी राज्यं एकमेकांशी झगडत होती. दक्षिणेत यांगत्सेच्या काठी छू नावाचं राज्य होतं. छ्यू युआन तिथल्या ह्वाय राजाचा मंत्री. वाचन दांडगं, वाणी उत्तम. राजाशी बसून आज्ञा आणि धोरणं ठरवणं आणि बाहेरून आलेल्या दूतांशी बोलणं हे त्याचं काम. राजानं त्याला राज्याचे कायदे लिहायला सांगितले. मसुदा अजून कच्चा होता, तेवढ्यात दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्यानं तो त्याच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला. छ्यू युआननं दिला नाही. तो अधिकारी राजाकडे गेला आणि म्हणाला, महाराज, आपली प्रत्येक आज्ञा बाहेर पडली की हा म्हणतो, माझ्याशिवाय हे कुणाला जमलं नसतं. राजाला राग आला. त्यानं छ्यू युआनला दूर केलं.

एवढंच घडलं. चौकशी झाली नाही, दोघांना समोरासमोर उभं केलं नाही, मसुदा कुणी वाचला नाही.

पुढचं सगळं या एका न ऐकण्यातून आलं. पश्चिमेकडच्या छिन राज्याचा धूर्त मंत्री चांग यी छूच्या दरबारी आला. पूर्वेकडच्या छी राज्याशी केलेला तह मोडा, ६०० ली (ली हे अंतराचं जुनं चिनी माप) जमीन देतो, असं त्यानं कबूल केलं. ह्वाय राजानं तह मोडला आणि जमीन घ्यायला माणूस पाठवला, तेव्हा चांग यी म्हणाला, मी ६ ली म्हटलं होतं. चिडून राजानं लढाई पुकारली. इसवी सनपूर्व ३१२ मध्ये छूची ८० हजार माणसं कापली गेली आणि हानचोंगचा प्रदेश गेला. आणखी काही वर्षांनी छिनच्या राजानं भेटीला बोलावलं. छ्यू युआननं विनवलं, की छिन हे वाघ-लांडग्यांचं राज्य आहे, जाऊ नका. राजाच्या धाकट्या मुलानं आग्रह केला आणि राजा गेला. त्याला तिथं अडकवून ठेवलं आणि तो तिथंच मेला. नव्या राजानं छ्यू युआनला पार दक्षिणेकडे हद्दपार केलं. इसवी सनपूर्व २७८ मध्ये छिनच्या सेनापतीनं छूची राजधानी घेतली. त्यानंतर दगड कवटाळून छ्यू युआन मीलुओ नदीत उतरला, अशी परंपरा आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली: आपण ऐकून न घेता निकाल दिलात. एक आक्षेप आला, तो कुणाला दाखवला नाही, ज्यावर आक्षेप आहे ती गोष्ट पाहिली नाही, जिनं ती आणली तिला विचारलं नाही. ज्या माणसाची गोष्ट आपण थांबवलीत, त्याच्यावर ओढवलेला अन्याय नेमका हाच होता. त्याचं चरित्र लिहिणारा इतिहासकार स्समा छ्येन स्वतः एका आरोपी सेनापतीच्या बाजूनं दरबारात बोलला, म्हणून त्याला नपुंसक करण्याची शिक्षा झाली होती. तो लिहितो, की मी छांगशाला गेलो आणि छ्यू युआननं जिथं जीव दिला तो डोह पाहिला, तेव्हा डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहिलं नाही. मी हे वर्गात शिकवते तेव्हा क्षणभर कुणी बोलत नाही.

दुसरी तक्रार 'प्रचारपट' या शब्दाबद्दल. छ्यू युआनचा देश छू होता. आपण ज्याला चीन म्हणतो ते नाव छिनवरून आलं असावं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या राज्याबद्दल तो जन्मभर सावध करत राहिला, ज्यानं त्याची राजधानी घेतली, तेच ते छिन. त्याच छिननं इसवी सनपूर्व २२१ मध्ये सगळी राज्यं जिंकून पहिलं साम्राज्य उभारलं. छ्यू युआन त्या साम्राज्याच्या विजयाचा कवी नाही. तो बुडालेल्या राज्याचा कवी आहे.

आणि त्याचं इमान कुठल्या जातीचं होतं तेही पाहा. सबटायटल्स करताना मी सगळ्यात जास्त वेळ एका अक्षरावर अडले: चोंग. वर 'मध्य', खाली 'हृदय', अशी त्याची रचना आहे. शब्दकोशातला सरळ अर्थ निष्ठा. 'राजनिष्ठा' असं मी आधी लिहिलं होतं, पण वाचताना तो हुजऱ्या वाटायला लागला. शेवटी 'इमान' केलं. त्या काळी हुशार मंत्री या राज्यातून त्या राज्यात सहज चाकरी बदलत. चांग यी स्वतः छिनचा नव्हता. छ्यू युआनला कुठल्याही दरबारानं पायघड्या घातल्या असत्या. तो गेला नाही, आणि राहून गप्पही बसला नाही. राजा चुकतोय हे त्यानं तोंडावर सांगितलं, आणि ते सांगायची सोय उरली नाही तेव्हा कवितेत लिहिलं. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसांना हे इमान समजावून सांगावं लागू नये.

त्याचं 'ली साओ' हे दीर्घकाव्य ३७०हून जास्त ओळींचं आहे. त्यातल्या एका ओळीत तो म्हणतो, दीर्घ उसासा टाकून मी डोळे पुसतो, लोकांच्या जगण्यातले हाल पाहून जीव कळवळतो. दुसऱ्या एका कवितेत त्यानं आकाशाला दीडशेहून जास्त प्रश्न विचारलेत: हे सगळं घडण्याआधीचं कुणी सांगितलं, अंधार-उजेड कुणी वेगळे केले. उत्तर एकाचंही नाही. त्या कवितेचं नाव 'थ्येन वन'. चीननं २०२० मध्ये मंगळाकडे पाठवलेल्या यानाला हेच नाव दिलंय. रविवारी वाटायला मी एक पत्रक छापून घेतलं होतं. त्याच्या एका बाजूला 'ली साओ'मधल्या आठ ओळी मराठीत आहेत, दुसऱ्या बाजूला हे निवडक प्रश्न.

आधुनिक काळात छ्यू युआन रंगमंचावर कसा आला, तेही माहीत असावं. १९४२ साली, जपानशी युद्ध चालू असताना, लेखक गुओ मोरुओ यांनी त्याच्यावर नाटक लिहिलं आणि एप्रिलमध्ये ते छोंगछिंगला, म्हणजे चीनच्या युद्धकाळातल्या राजधानीत, रंगलं. तिथल्या तेव्हाच्या सरकारची सेन्सॉरशिप कडक होती. सरळ बोलता येत नव्हतं, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीच्या मंत्र्याच्या तोंडून वीज आणि वादळाला हाक मारली गेली. प्रेक्षकांना ती बरोबर कळली. छ्यू युआनवर बरीच वर्षं अभ्यास करणारे कवी वन यीतुओ यांना १९४६ साली खुन्मिंगमध्ये गोळ्या घालून मारलं. काही वेळापूर्वीच ते खून झालेल्या एका सहकाऱ्याच्या शोकसभेत बोलले होते. हे सगळं ज्याच्या नावाभोवती घडलं, त्याला सरकारी प्रचार म्हणून एका शब्दात मोडीत काढता येत नाही.

आक्षेप घेणाऱ्या सभासदांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. पाओ फांग ज्या फिनिक्स स्टुडिओत काम करत, तो डाव्या विचारांचा होता. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांकडे असलं तरी तिथल्या सिनेमात दोन तट होतेच. गुओ मोरुओ पुढे नव्या कम्युनिस्ट राजवटीत मोठ्या पदांवर बसले आणि १९६६ मध्ये तर आपलं आधीचं सगळं लेखन जाळून टाकायच्या लायकीचं आहे, असं त्यांनीच जाहीर केलं. छ्यू युआनचं स्वतःचं असं बोलणं सत्तेला नेहमीच अडचणीचं होतं, आणि 'देशभक्त कवी' असा शिक्का मारून सत्तांनी त्याला वापरलंही. मला याच सगळ्यावर बोलायचं होतं. चित्रपटानंतर अर्धा तास चर्चेसाठी ठेवला होता तो त्यासाठीच. आक्षेप घेणाऱ्यांना तिथं पहिलं बोलायला मी आनंदानं जागा दिली असती.

तिसरी तक्रार 'सध्याचं वातावरण' याबद्दल. जून २०२०मध्ये गलवानला आपले २० जवान गेले. त्याचं दुःख माझ्या घरात इतर कुठल्याही घराएवढंच आहे. पण माझं माहेर सोलापूरचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरावरून मी शाळेत जात असे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात सोलापूरचे कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर होते. हे पथक वुहान, यीचांग, छोंगछिंग असा प्रवास करत येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या तेव्हाच्या तळावर, पोहोचलं. यीचांगचा परिसर म्हणजे छ्यू युआनचा जन्मप्रदेश. छोंगछिंगला ते नाटक रंगलं त्याच वर्षी, ९ डिसेंबर १९४२ला, कोटणीस उत्तर चीनमधल्या एका खेड्यात वारले. वय ३२. त्यांच्यावर १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट आला तो व्ही. शांतारामांचा, आणि पाओ फांग यांच्यासारखीच मुख्य भूमिका त्यांनी स्वतः केली. १९६२चं युद्ध त्यानंतर झालं, तरी तो चित्रपट कुणी कपाटात बंद केला नाही. चार वर्षांपूर्वी आपल्याच सोसायटीनं तो दाखवला, तेव्हा पाठीमागच्या भिंतीला टेकून माणसं उभी होती. त्या दिवशी आपणच प्रास्ताविकात म्हणाला होतात, की माणूस आणि सरकार यांत फरक करायला सिनेमा शिकवतो. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

चौथी तक्रार लहान आहे, पण ती माझ्या विद्यार्थ्यांची आहे. माझ्या वर्गातल्या १४ मुलामुलींनी सबटायटल्स तपासायला मदत केली होती. छू, छी, छिन आणि छ्यू ही नावं मराठी कानाला सारखी वाटतात, प्रेक्षक गोंधळतील, म्हणून एका मुलीनं सात राज्यांचा मोठा नकाशा रंगवला. छूला हिरवा रंग, छिनला काळा. तो दाराशी लावायचा होता. शुक्रवारी तिनं विचारलं, मॅडम, नक्की काय चुकलं? त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही आणि आजही येत नाही, कारण मला ते कुणी सांगितलेलं नाही. ती दुसऱ्या वर्षाला आहे. चिनी भाषा शिकण्यात काही लाजिरवाणं असतं, असं तिला वाटायला लागलं तर ते माझ्याच्यानं पुसलं जाणार नाही.

आपल्यापैकी अनेकांना मी जवळून ओळखते. रिळं एसटीच्या टपावरून यायची तेव्हापासून हे काम आपण पदरमोड करून करत आलात. कुणी दगड मारेल, हॉलवाला घाबरेल, उद्या हॉल मिळणार नाही, ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. तसं असेल तर तसं सांगा. पोलीस ठाण्यात अर्ज द्यायला मी आपल्याबरोबर येते, पुढची रांग माझ्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची असेल. भीती वाटली, असं मोकळेपणानं सांगितलेलं मी समजून घेईन. न पाहता 'प्रचारपट' म्हणणं मला मान्य नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. हा चित्रपट दिवाळीच्या आत, रविवारच्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या हॉलमध्ये दाखवावा आणि तारीख सभासदांना लेखी कळवावी. त्याआधी कार्यकारिणीच्या किमान तीन सदस्यांनी तो पूर्ण पाहावा. मी पेन ड्राइव्ह घेऊन कुणाच्याही घरी येईन. आक्षेप घेणाऱ्या सभासदांचं नाव मला नको, पण त्यांचे मुद्दे सगळ्यांना वाचायला मिळावेत, आणि त्यांची तयारी असेल तर चित्रपटानंतर त्यांनी आधी बोलावं, मी नंतर. ठरलेला कोणताही चित्रपट रद्द करायचा झाल्यास तो आधी पाहिला जावा, आणणाऱ्याचं म्हणणं ऐकलं जावं आणि कारण लेखी दिलं जावं, असा नियम पुढच्या सर्वसाधारण सभेत करावा. ठराव मी मांडते, अनुमोदक मिळाले आहेत. आणि माझ्या १४ विद्यार्थ्यांना कार्यकारिणीनं दोन ओळी लिहाव्यात, की त्यांचं काम वाया गेलेलं नाही.

सभासदत्व सोडण्याचा सल्ला मला दोघातिघांनी दिला. मी सोडणार नाही. पुढच्या वर्षाची वर्गणी याच पत्राबरोबर पाठवते आहे.

पत्रकाच्या ८० प्रती आणि तो नकाशा माझ्या घरी कोरड्या जागी ठेवला आहे. तारखेची वाट पाहते.

आपली,
एक सभासद